विश्लेषण : प्लेगने नव्हे, लोकरीने संपवलेले गाव

इंग्लंडमधील यॉर्कशायरच्या टेकड्यांत एक गाव आहे, जिथे पाचशे वर्षांपासून कोणी राहत नाही. तिथे ना राजवाडा होता, ना कुठली मोठी लढाई झाली. तरीही या गावाच्या मातीत अभ्यासकांनी सलग चाळीस वर्षे घालवली. गावाचे नाव व्हॅरम पर्सी. साध्या शेतकऱ्यांच्या या गावाने इतिहासकारांना आपल्याच अनेक समजुती मोडायला लावल्या. गावे का ओस पडतात, गरिबांची घरे खरेच तकलादू असतात का आणि इतिहास नेमका कोणाचा लिहायचा, हे तिन्ही प्रश्न आपल्यालाही परके नाहीत. म्हणून ही गोष्ट समजून घ्यायला हवी.

तिथे आज काय दिसते?

व्हॅरम पर्सी हे उत्तर यॉर्कशायरमध्ये, माल्टन या बाजारपेठेच्या गावाच्या आग्नेयेस, वोल्ड्स या चुनखडीच्या टेकड्यांत आहे. गाडी दूर उभी करून पायवाटेने खाली उतरावे लागते. समोर छप्पर नसलेले एक चर्च उभे दिसते. त्याचा मनोरा अर्धा ढासळलेला आहे. बाजूला एक तळे आहे आणि वरच्या अंगाला हिरव्या गवताचे पठार.

पहिल्या नजरेला हे निव्वळ कुरण वाटते. पण सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपे पडले की गवताखालून गाव वर येते. घरांच्या जोत्यांचे चौकोनी उंचवटे दिसतात. घरामागच्या परसाच्या लांब पट्ट्या दिसतात. गाड्यांच्या आणि गुरांच्या वर्दळीने खचत गेलेला रस्ताही ओळखू येतो. घरे अस्ताव्यस्त नाहीत, ती ओळीने मांडलेली आहेत. म्हणजे हे गाव कधी तरी कोणी तरी आखून वसवले असावे.

१०८६ मध्ये विल्यम राजाने करवसुलीसाठी देशाची जी मोजदाद केली, त्या ‘डूम्सडे बुक’मध्ये या गावाची नोंद आहे. पुढे ते पर्सी या सरदार घराण्याकडे आले आणि त्यांचे नाव गावाला चिकटले. गाव मात्र त्याआधीचे आहे. या परिसरात लोहयुगातील आणि रोमन काळातील शेतवाड्यांच्याही खुणा सापडल्या आहेत.

उत्खनन कोणी आणि का सुरू केले?

इंग्लंडमध्ये ओसाड पडलेली मध्ययुगीन गावे फारशी नाहीत, असाच विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बहुतेक विद्वानांचा समज होता. मॉरिस बेरेसफर्ड या आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकाला तो पटत नव्हता. करांच्या जुन्या याद्यांत गावांची नावे होती, पण नकाशावर ती गावे नव्हती. मग ती गेली कुठे?

१९४८ मध्ये बेरेसफर्ड व्हॅरमला पहिल्यांदा आले. १९५० मध्ये त्यांनी फावडे हाती घेतले. सुरुवातीचा हेतू साधा होता. गवताखाली खरोखर घरे आहेत, एवढेच त्यांना सिद्ध करायचे होते. १९५२ पासून जॉन हर्स्ट हे पुरातत्त्वज्ञ त्यांच्या जोडीला आले. बेरेसफर्ड कागद वाचणारे, हर्स्ट माती वाचणारे. ही जोडी १९९० पर्यंत टिकली. दर उन्हाळ्यात काही आठवडे स्वयंसेवक जमायचे, तंबूत राहायचे, खणायचे, चिखलात भिजायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा यायचे.

बेरेसफर्ड यांचे हरवलेल्या गावांवरचे पुस्तक १९५४ मध्ये आले. केम्ब्रिजच्या सेंट जोसेफ यांनी विमानातून काढलेल्या छायाचित्रांनी देशभरातील अशी आणखी गावे उजेडात आणली. आज इंग्लंडमध्ये ओसाड मध्ययुगीन गावांची संख्या सुमारे तीन हजार मानली जाते. ‘फारशी नाहीत’ म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे होते.

खोदण्याची पद्धतही इथे बदलली. तोवर भिंतीचा माग काढत अरुंद चर खणण्याची रीत होती. भिंत संपली की चर संपला. डेन्मार्कमधील एक्सेल स्टीन्सबर्ग यांच्या कामावरून हर्स्ट यांनी धडा घेतला आणि अख्ख्या घराची जागा एकदम उघडी करून थराथराने खाली जायला सुरुवात केली. यामुळे अनपेक्षित गोष्टी हाती लागल्या. शेतकऱ्यांच्या घरांखाली खोदत गेल्यावर बाराव्या शतकातील जमीनदाराच्या वाड्याचे दगडी तळघर लागले! म्हणजे आधी वाडा होता आणि मग त्यावर कुळांची घरे उठली. सरळ चर खणला असता तर कदाचित हे कळलेच नसते.

प्लेगने गाव संपवले, हे खरे नाही का?

ओसाड गाव म्हटले की साथ आठवते. १३४८-४९ च्या प्लेगने इंग्लंडची तिसरा हिस्सा ते निम्मी लोकसंख्या नेली, असे मानले जाते. व्हॅरमचा जमीनदारही १३४९ मध्ये दगावला. त्यामुळे ‘साथ आली आणि गाव संपले’ ही गोष्ट सांगायला सोपी आहे. पण कागदपत्रे वेगळेच सांगतात.

१३२३ च्या एका चौकशीत, म्हणजे प्लेगच्या पंचवीस वर्षे आधीच, इथली बरीच जमीन पडीक असल्याची आणि पिठाच्या गिरण्या मोडकळीस आल्याची नोंद आहे. त्याआधीच्या दशकात इंग्लंडने अतिवृष्टी आणि मोठा दुष्काळ सोसला होता. त्यातून गाव सावरले. प्लेगनंतर जवळपास वीस वर्षांनी, १३६८ मध्ये, तिथे सुमारे तीस घरे नांदती होती. १४५८ मध्ये ती सोळावर आली. म्हणजे साथीनंतर शंभर वर्षांनीही चुली पेटत होत्या.

मग शेवट कशाने झाला? लोकरीने. साथीनंतर मजूर मिळेनासे झाले, त्यांची मजुरी वाढली. खाणारी तोंडे कमी झाल्याने धान्याला भाव राहिला नाही. उलट लोकरीला आणि कापडाला चांगली मागणी होती. नांगरटीला गाव लागते, मेंढ्यांना एक मेंढपाळ आणि एक कुत्रा पुरतो. जमीनदाराच्या दृष्टीने गणित सरळ होते.

१४०३ मध्ये हे गाव पर्सींकडून हिल्टन घराण्याकडे गेले होते. १५१७ मध्ये कार्डिनल वुल्झी यांच्या काळात कुरणांसाठी उठवलेल्या गावांची सरकारी चौकशी झाली. तिच्यात नोंद आहे की १४८८ नंतर बॅरन हिल्टन यांनी व्हॅरममधील चार घरे पाडली आणि चार नांगर बंद केले. चार घरे, चार नांगर. एका गावाचा मृत्युलेख एवढ्याच शब्दांत लिहिला गेला. ती माणसे कुठे गेली, याची नोंद ठेवावी असे कोणाला वाटले नाही.

कायदे नव्हते का?

होते. १४८९ मध्येच सातव्या हेन्रीच्या काळात गावे उजाड करण्याविरुद्ध कायदा झाला होता. १५१६ च्या ‘युटोपिया’ या ग्रंथात थॉमस मोर यांनी मेंढ्यांसाठी माणसे हुसकावण्यावर कडवट टीका केली. पण कायदा आला तोवर बहुतेक गावे आधीच रोडावली होती आणि कायदा राबवायची जबाबदारी ज्यांच्याकडे होती ते स्वतःच जमीनदार वर्गातले होते. चौकशी झाली, कागद तयार झाले, गाव मात्र परत वसले नाही. ही पद्धत वाचकांना ओळखीची वाटली तर नवल नाही.

दोष एकट्या जमीनदाराचा?

इथे थोडे थांबायला हवे. बेरेसफर्ड यांच्या सुरुवातीच्या मांडणीत मेंढ्या आणि जमीनदार हे ठळक खलनायक होते. ख्रिस्तोफर डायर यांच्यासारख्या पुढच्या इतिहासकारांनी चित्राची दुसरी बाजू दाखवली. साथीनंतर चांगल्या जमिनी रिकाम्या पडल्या होत्या. दुसरीकडे कमी खंडाने जमीन मिळत असेल तर हलक्या, खडकाळ रानात कोण कशाला राहील? अनेक कुटुंबे आपणहून उठली. काही गावांत तर उरलेल्यांपैकीच एखाद्या सधन शेतकऱ्याने शेजाऱ्यांच्या जमिनी गिळल्या. जमीनदाराने शेवटचा धक्का दिला, पण गाव आधीच पोकळ झाले होते.

हा मुद्दा मान्य करूनही एक फरक उरतो. तीस घरांची सोळा होताना माणसे निवड करत होती. सोळाची चार आणि चाराची शून्य होताना ती निवड कोणाच्या हातात राहिली होती? गाव अशक्त झाले म्हणून ते पाडणे न्याय्य ठरत नाही. अशक्त गावाला उठवणे सोपे असते, एवढेच त्यातून सिद्ध होते. माझ्या मते व्हॅरमचा खरा धडा हाच आहे. ‘लोक स्वतःच निघून गेले’ आणि ‘लोकांना हुसकावले’ ही दोन परस्परविरोधी उत्तरे नसून एकाच प्रक्रियेचे आधीचे आणि नंतरचे टप्पे आहेत.

गरिबांची घरे तकलादू होती का?

दर उन्हाळ्यात एकाच जागेवर एकावर एक घरांचे थर सापडत गेले. भिंती कमी उंचीच्या, पाया उथळ. त्यावरून असा निष्कर्ष निघाला की शेतकऱ्यांची घरे जेमतेम एक पिढी टिकत आणि मग नव्याने बांधावी लागत. ‘मध्ययुगीन शेतकरी मोडक्या झोपड्यांत राहायचा’ ही प्रतिमा पाठ्यपुस्तकांपर्यंत पोचली.

स्टुअर्ट रॅथमेल यांनी १९८० च्या दशकात हेच पुरावे पुन्हा तपासले आणि प्रश्न फिरवला. भिंतींनी छप्पर पेलले होते, असे आपण गृहीत का धरतो? त्यांच्या मते घराचा भार लाकडाच्या जोडीजोडीने उभ्या केलेल्या वाकड्या तुळयांवर होता. त्या तुळया जमिनीपासून थेट आढ्यापर्यंत जात. मधल्या भिंती फक्त वारा-पाऊस अडवायला होत्या, म्हणून त्या वरचेवर बदलल्या जात. म्हणजे पुरातत्त्वज्ञांना दिसत होती ती घराची डागडुजी. घर पिढ्यान्‌पिढ्या तेच होते.

गरिबाच्या घराची भिंत पातळ दिसली म्हणून त्याचे जगणेच तात्पुरते ठरवण्याची घाई विद्वानांनाही सुटत नाही. पण त्याच प्रकल्पाने, स्वतःच्या पूर्वसुरींचा मान ठेवून, स्वतःची चूक छापून दुरुस्त केली. ज्ञान असे पुढे जाते.

हाडांनी काय सांगितले?

चर्चच्या आवारातून सुमारे सातशे सांगाडे मिळाले. एकाच ग्रामीण वस्तीतील इतके मध्ययुगीन सांगाडे अभ्यासाला मिळणे दुर्मीळ. सायमन मेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून जे वाचले ते कुठल्याही राजाच्या बखरीत सापडणार नाही.

हाडांतील नायट्रोजनच्या मोजमापावरून कळले की आया बाळांना साधारण दीड वर्षापर्यंत अंगावर पाजत. त्या वयापर्यंत मुलांची वाढ चांगली होती. दूध सुटले की वाढ खुंटायची. व्हॅरममधील चौदा वर्षांच्या मुलाची उंची आजच्या दहा वर्षांच्या मुलाइतकी भरते. निकृष्ट आहार आणि वारंवारची आजारपणे, असा याचा अर्थ लावला जातो. वाढ मात्र जास्त वर्षे चालत असे, त्यामुळे प्रौढांची उंची आजच्या तुलनेत फार कमी नव्हती. वय झालेल्या बायकांची हाडे आजच्यासारखीच ठिसूळ होत होती, म्हणजे हा केवळ आधुनिक जीवनशैलीचा रोग नव्हे. नाकाजवळच्या पोकळ्यांचा दाह यॉर्क शहरात जास्त होता, पण खेड्यातही तो कमी नव्हता. खेड्यातील हवा शुद्ध असली तरी घरातल्या चुलीचा धूर कुठे जाणार?

एक कवटी तर थक्क करणारी आहे. अकराव्या शतकातील, चाळिशीच्या आसपासच्या पुरुषाची. डोक्यावर जबर मार लागून हाड आत दबले होते. कोणी तरी त्वचा बाजूला करून हाडाचा तुकडा काढला आणि मेंदूवरचा दाब कमी केला. जखम भरून आली, माणूस जगला. शस्त्रक्रिया फक्त श्रीमंतांच्या वाट्याला येत असे, या समजाला एका कष्टकऱ्याच्या कवटीने छेद दिला.

मेलेल्यांची भीती

२०१७ मध्ये आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चर्चच्या आवारात नव्हे, तर गावातल्या खड्ड्यांत सापडलेली १३७ हाडे तपासली गेली. ती किमान दहा जणांची होती, पुरुष, स्त्रिया आणि मुलेही. त्यांवर सुरीचे वार होते, काही जाळलेली होती आणि हे सारे मृत्यूनंतर केलेले होते. दुष्काळात माणसांनी माणसे खाल्ली का, ही शक्यता अभ्यासकांनी तपासली. पण वार प्रामुख्याने डोके आणि मानेच्या भागात होते, मांस काढण्याच्या जागी नव्हे. दातांतील स्ट्रॉन्शियमवरून ही माणसे परकी नसून याच भागातील होती, हेही दिसले. मेलेला माणूस थडग्यातून उठून त्रास देऊ नये म्हणून प्रेताची अशी विटंबना केली असावी, हे स्पष्टीकरण अभ्यासकांना सर्वांत जुळणारे वाटते.

हे वाचून इंग्लंडच्या अंधश्रद्धेवर हसण्याआधी शिरूर तालुक्यातील इनामगाव आठवावे. घोड नदीकाठच्या या ताम्रपाषाणयुगीन गावाचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केले. तिथल्या अनेक प्रौढांचे पाय पुरताना घोट्यापासून तोडलेले आढळले. मृताने भूत होऊन परत चालत येऊ नये, हा त्यामागचा हेतू असावा, असे उत्खननकर्त्यांनी सुचवले. दोन गावांत काळाचे आणि भूगोलाचे प्रचंड अंतर आहे, भीती मात्र ओळखीची आहे.

चर्च एवढे महत्त्वाचे का?

सेंट मार्टिन चर्च म्हणजे गावाच्या लोकसंख्येचा आलेख आहे. दहाव्या शतकाच्या सुमारास इथे एक छोटे लाकडी देऊळघर होते. मग दगडी चर्च आले. बाराव्या-तेराव्या शतकात गाव भरले, तेव्हा दोन्ही बाजूंना दालने जोडली गेली. माणसे कमी झाली तशी ती दालने पाडली आणि कमानी दगडांनी बुजवल्या. त्या बुजवलेल्या कमानी आजही भिंतीत दिसतात.

गाव गेले तरी चर्च लगेच गेले नाही. धर्मप्रांतातील आसपासच्या वस्त्यांतले, विशेषतः थिक्सनडेलचे लोक डोंगर चढून इथे येत राहिले. १८७० मध्ये थिक्सनडेलला स्वतःचे चर्च मिळाले आणि ही ये-जा आटली. १९४९ मध्ये शेवटची प्रार्थना झाली आणि १९५९ मध्ये मनोऱ्याचा भाग कोसळला. म्हणजे गावाच्या अंतानंतर साडेचारशे वर्षे देवाचे ठिकाण जिवंत राहिले. गाव उठले तरी ग्रामदेवतेच्या जत्रेला परत येणारी माणसे आपणही पाहिली आहेत.

एवढा खटाटोप कशासाठी?

चाळीस वर्षांचे उत्खनन, त्यानंतर आणखी बावीस वर्षे चाललेले लेखन, आणि २०१२ मध्ये आलेला तेरावा खंड. हर्स्ट २००३ मध्ये गेले, बेरेसफर्ड २००५ मध्ये. शेवटचा खंड दोघांनीही पाहिला नाही. काही शेतकऱ्यांच्या जोत्यांसाठी एवढे आयुष्य घालवावे का, हा प्रश्न रास्त आहे.

माझे उत्तर ‘हो’ असे आहे. कारण राजे स्वतःचा इतिहास लिहवून घेतात. शेतकऱ्याचे नाव फक्त कराच्या यादीत येते, तेही तो कर देत असेल तोवर. त्याने काय खाल्ले, त्याची मुले का खुंटली, त्याचे घर किती टिकले, हे सांगायला त्याची माती आणि त्याची हाडे याखेरीज दुसरा साक्षीदार नाही. ती साक्ष सावकाश, सगळे थर जपत घ्यावी लागते. घाईने खणले तर ती कायमची पुसली जाते.

व्हॅरममध्ये एक विचित्र योगायोग घडला. ज्या मेंढ्यांसाठी गाव उठवले, त्याच मेंढ्यांनी ते जपले. पठाराचा बराच भाग पुढची शतके कुरण राहिला. तिथे खोल नांगर फिरला नाही, म्हणून जोती गवताखाली शाबूत राहिली.

आपल्याकडे काय?

आपल्या महसुली भाषेत वस्ती नसलेल्या गावाला ‘बेचिराख’ म्हणतात. मूळ अर्थ, जिथे दिवा लागत नाही असे गाव. काळी म्हणजे शेतीची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची, ही जोडी आपल्या शेतकऱ्याच्या तोंडी आहे. म्हणजे जुन्या गावठाणाची ओळख आपल्या भाषेतच जपलेली आहे. पण ती जागा जपली जातेच असे नाही. पांढरीची माती कसदार म्हणून ट्रॅक्टर भरभरून शेतात पसरली जाते आणि तिच्याबरोबर खापरे, चुली, जोती, सारे मिसळून जाते. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्या ढिगाऱ्यात काय आहे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

प्रत्येक गावी चाळीस वर्षे खोदणे शक्य नाही आणि गरजेचेही नाही. व्हॅरमचाही थोडाच भाग खणला गेला, बाकीचा पुढच्या पिढ्यांसाठी मुद्दाम तसाच ठेवला आहे. निदान पांढर कुठे आहे याची नोंद करणे, माती उचलण्याआधी कोणी जाणकार पाहून जाणे, ज्येष्ठांकडून जुन्या वस्तीची माहिती लिहून ठेवणे, एवढे शाळा आणि ग्रामपंचायतीही करू शकतात. किल्ल्यांवर आपले प्रेम आहे आणि ते असायलाच हवे. पण किल्ल्यावरच्या शिबंदीचे धान्य ज्या गावांतून वर गेले, त्या गावांच्या इतिहासाला आपण अजून हात लावलेला नाही.

चार घरे आणि चार नांगर, एवढीच नोंद मागे ठेवून व्हॅरम पर्सी संपले होते. तेवढ्यावर समाधान न मानणारी काही माणसे दर उन्हाळ्यात तिथे परत गेली, म्हणून आज त्या चार घरांतल्या मुलांची उंचीही आपल्याला ठाऊक आहे. आपल्या बेचिराख गावांच्या वाट्याला तेवढी चिकाटी येईल का, हे ठरवायला वेळ आहे. पांढर मात्र दर उन्हाळ्यात थोडी थोडी कमी होत आहे.